पोरगी पळाली

आमच्या भागात ‘धावणं’ हा शब्द पुस्तकातला. बोलताना आम्ही ‘पळणं’च म्हणतो. शर्यतीत बैल पळतात, एसटीमागं माणूस पळतो, पावसाची सर आली की वाळवण काढायला बायका पळतात. पण ‘पोरगी पळाली’ एवढे दोन शब्द कुणी पारावर उच्चारले, तर त्यांचा अर्थ एकच. मग त्या घराचं दार दिवसाढवळ्या लागतं, आईचं जेवण तुटतं, बाप महिनाभर खाली मान घालून फिरतो. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल शिकवते. या दोन शब्दांचा सरळ अर्थ, म्हणजे एक मुलगी पायांनी पळाली, इतकाच अर्थ गावाला ऐकू यायला किती दिवस लागले आणि मध्ये काय काय झालं, ते लिहून ठेवावंसं वाटलं. मुलींची नावं लिहीत नाही. त्या आता नोकरी-संसाराच्या वयात आहेत.

सुरुवात १५ ऑगस्ट २०१६ ची. सकाळी झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो. रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती आणि तीत आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर पळणार होती. दोन दिवस आधी प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत पोचलेली पी. टी. उषानंतरची ती पहिलीच भारतीय मुलगी, आणि उषाची शर्यत १९८४ ची. स्टीपलचेसमध्ये २८ वेळा आडवी फळी ओलांडायची असते आणि ७ वेळा फळीवरून पाण्यात उतरून पुढं जायचं असतं. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मोहीची का गं ही? आणि पाण्यात कशी उडी मारती बघ. आपल्याकडं प्यायला न्हाय, आन् ही पाण्यातनं पळती.” ललिता दहावी आली. टीव्ही बंद झाला तरी मी तिथंच बसून होते.

दुसऱ्या दिवशी आठवी-नववीच्या मुलींना विचारलं, काल कुणी बघितलं? पुष्कळ हात वर झाले. मग विचारलं, तुमच्यातलं कोण पळतं? एकही हात नाही. शेवटच्या बाकावरची एक म्हणाली, “आता न्हाय मॅडम. पाचवीपर्यंत पळायचो.”

ते ‘पाचवीपर्यंत’ मला लागलं. कारण माझं सातवीपर्यंत होतं. आमच्या शाळेत पळण्यात मी मुलांनाही मागं टाकायची. सातवीच्या सुट्टीत मला पाळी आली आणि आठवड्याभरात आत्या म्हणाली, “मोठी झालीस आता. ओढणी नीट घे, हळू चाल.” तेवढंच. कुणी रागावलं नाही, मारलं नाही. पुन्हा सांगावंही लागलं नाही. त्या वाक्यानंतर चोवीस वर्षं मी हळूच चालत होते. एसटी सुटत असली तरी पळायची नाही, पुढच्या गाडीला थांबायची. हे माझ्या लक्षात त्या वर्गात उभी असताना आलं.

आमच्या शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता. मुख्याध्यापकांना मी विचारलं, सकाळी साडेपाचला मुलींना मैदानावर घेते, चालेल का? ते म्हणाले, “घ्या. पण प्रत्येकीच्या पालकांची लेखी परवानगी आणा, जबाबदारी तुमची.” मी १९ घरी गेले. चहा सगळीकडं मिळाला, सही सगळीकडं मिळाली नाही. “उन्हातान्हानं काळी पडल.” “पाय मोडला तर पुढं कोण पदरात घेईल?” “पळून काय करायचंय, काम थोडं हाय का घरात?” एका आज्जींनी तर ‘पळायला पाठवा’ एवढंच ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. मी घाईघाईनं म्हणाले, “आज्जी, मैदानावर. व्यायामाला.” त्या वेळी हा शब्दच आपल्याला नडतोय हे कळलं, पण शब्द बदलायचा नाही असंही मी त्याच ओट्यावर ठरवलं.

शेवटी वडिलांपुढं मी पोलीस भरती काढली. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, मैदानी चाचणीलाही गुण असतात, लेखीत चांगल्या असलेल्या मुली मैदानात मागं राहतात. हे त्यांना पटलं. माझ्या मनातलं कारण ते नव्हतं. पण ‘तुमच्या मुलीला स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून’ असं सांगून कुठल्या बापानं सही केली असती? मी भरतीच सांगत राहिले. ११ सह्या मिळाल्या.

पहिलं काम मैदान आखण्याचं. नववीच्या मुलींना घेऊन मी ते गणित म्हणूनच केलं. दोनशे मीटरची एक फेरी हवी. दोन्ही सरळ बाजू ५० मीटरच्या धरल्या तर उरलेले १०० मीटर दोन अर्धवर्तुळांत बसवायचे, म्हणजे त्रिज्या १५.९ मीटर. दोन्ही अर्धवर्तुळांच्या मध्यभागी खुंटी ठोकली, सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला फक्कीची पिशवी धरून एक मुलगी गोल फिरली. पांढरी रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली तेव्हा सगळ्या ओरडल्या. आतापर्यंत या मैदानावर मुलींचं काम शनिवारी कागद वेचायचं. दुपारच्या सुट्टीत मुलं मधे क्रिकेट खेळायची आणि मुली भिंतीला लागून, एकमेकींच्या कमरेत हात घालून चालायच्या. रेघ मुलींनी मारली आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेटवाल्यांतला एक विचारायला आला, “मॅडम, रेघेच्या आत खेळू का?” मी म्हटलं, “मला कशाला विचारतोस, त्यांना विचार.”

पहिल्या सकाळी मीही पळाले. सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट. एक फेरी पुरी झाली नाही, दुसऱ्या वळणाला पोटात कळ आली आणि मी चालायला लागले. माझ्यामागून मुलीही चालायला लागल्या. त्या दिवशी सगळ्यांचं सारखंच झालं होतं आणि ते फार बरं झालं. मॅडमनासुद्धा येत नाही, शिकावं लागतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

पुढचे दोन महिने आम्ही एक मिनिट पळायचो, दोन मिनिटं चालायचो. मग दोन-दोन, मग तीन-एक. किती जोरात पळायचं याला माप एकच ठेवलं होतं, पळताना पाढा म्हणता आला पाहिजे. पहिल्या आठवड्यात ‘आठ चोक बत्तीस’लाच श्वास तुटायचा. पाढा तुटला की वेग कमी करायचा, लाज वाटून घ्यायची नाही. दिवाळीपर्यंत बाराचा पाढा अख्खा व्हायला लागला. थंडीत, अजून तांबडं फुटलेलं नसताना, अंधारात अकरा आवाज ‘बारा साते चौऱ्याऐंशी’ म्हणत गोल फिरताहेत, हे ऐकून रस्त्यावरून दूध घालायला जाणारे थांबायचे.

आता माझी चूक सांगते. नोव्हेंबरमध्ये मी पहिल्यांदा ८०० मीटरची, म्हणजे चार फेऱ्यांची, वेळ घेतली. आणि शिक्षकाच्या सवयीनं फळ्यावर क्रमांक लावले, एक ते अकरा. अकरावी आलेली मुलगी ५ मिनिटं ३८ सेकंदांत आली होती. जाडसर, अबोल, वर्गात प्रश्न विचारला तर आधी शेजारणीकडं बघणारी. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दहावी आणि नववी आलेल्याही आल्या नाहीत. मी तिच्या घरी गेले तर तिची आई म्हणाली, “मॅडम, तिला घरात आम्ही ढ म्हणतोच. आता फळ्यावरबी लिव्हलं.” आईच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळं मला ते जास्त लागलं. मुलगी आत चुलीपुढं बसून होती, बाहेर आली नाही.

मी तालुक्याच्या बाजारातून दोनशे पानी एक वही आणली. प्रत्येकीला सतरा-सतरा पानं वाटून दिली. पानावर तारीख आणि वेळ, दुसरं काही नाही. कुणाची वेळ कुणाच्या शेजारी लिहायची नाही. लिहायची ती जिची तिनं, स्वतःच्या हातानं. आठ दिवसांनी ती मुलगी परत आली, मैत्रिणींनी ओढत आणली. त्या शनिवारी ती ५ मिनिटं २९ सेकंदांत आली. मी घड्याळ तिच्यापुढं धरलं. तिनं दोनदा बघितलं, वहीत लिहिलं आणि मागच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाली, “नऊ सेकंद.” मी म्हटलं, “हो, नऊ.” ती म्हणाली, “हे माझंच हाय ना मॅडम? म्हणजे मीच आधीची, आन् मीच आताची?”

या मुलींना आयुष्यभर कुणाशी तरी ताडून बघितलेलं असतं. भावाशी, गोऱ्या बहिणीशी, शेजारच्या हुशार मुलीशी. काल-परवाच्या स्वतःशी कुणी त्यांना ताडलेलं नसतं. ती मुलगी पुढंही शेवटूनच पहिली यायची. दहावीत तिची वेळ ४ मिनिटं २१ सेकंदांवर आली, ती कधी कुठल्या स्पर्धेत उतरली नाही. पण नववीत एका दुपारी भूगोलाच्या तासाला तिनं हात वर केला आणि शेजारणीकडं न बघता विचारलं, “मॅडम, आपण पर्जन्यछायेत येतो, तर मग महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात कसं?” मी उत्तर द्यायच्या आधी खडू खाली ठेवला. सबंध वर्ग तिच्याकडं बघत होता आणि ती माझ्याकडं.

निळ्या गोळीचं लिहायलाच हवं. शाळेत आठवड्यातून एकदा मुलींना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी मिळते. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून मुली ती तोंडात धरायच्या आणि खिडकीतून टाकायच्या. खिडकीखालची माती मी स्वतः बघितली आहे. आरोग्य पथकानं रक्त तपासलं तेव्हा आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं, हवं होतं निदान १२. दुसऱ्या फेरीनंतर डोळ्यांपुढं काळोखी येते असं ती सांगायची आणि आम्ही समजायचो सराव कमी पडतो. मी मुलींना एवढंच समजावलं की श्वासातली हवा पायापर्यंत नेणारी गाडी लोहाची आहे, गाड्या कमी तर पाय दमणारच. जेवणानंतर गोळी घ्यायची, चहाबरोबर नाही, वर लिंबू पिळलेलं काहीतरी. त्यानंतर मला कुणाच्या मागं लागावं लागलं नाही. चांगलं आरोग्य, उद्याची माता वगैरे भिंतीवर लिहिलेलं त्यांच्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं. तिसरी फेरी दम न लागता व्हावी, हे मात्र त्यांना स्वतःला हवं होतं.

तसंच खाण्याचं. उपाशीपोटी आलेली एक मुलगी मैदानात चक्कर येऊन पडली. ती चूकही माझीच, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून ओट्यावर गूळ-शेंगदाण्याचा डबा असतो आणि तो उघडल्याशिवाय कुणी रेघेवर जात नाही. मुलींना घरात शेवटी उरलेलं खायची सवय असते. पळायच्या आधी खायचं, आणि आपल्यासाठी खायचं, हे अंगवळणी पडायला वर्ष गेलं.

पाळीचं पहिले सहा महिने कुणी बोललंच नाही. ‘अडचण आहे’ म्हणून चार दिवस मुलगी गायब. मीही विचारायची नाही, कारण मलाही कुणी कधी विचारलं नव्हतं. मग एकदा मीच म्हणाले, “मला आज दुसरा दिवस आहे, मी दोनच फेऱ्या सावकाश पळणार.” सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं, झेपेल तेवढं पळा, अपाय नाही, कुणाकुणाला पोटदुखीला उलट बरंच वाटतं. त्यानंतर वहीत वेळेशेजारी काही जणी पेन्सिलीनं एक लहान टिंब करायला लागल्या. मी सांगितलं नव्हतं. टिंबाच्या दिवशी वेळ थोडी जास्त, पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली. त्यांचं त्यांनाच दिसायला लागलं की शरीराला एक चाल आहे आणि ती वाचता येते.

ओढणीचा निर्णय मी घेतला नाही. पहिल्यांदा ती गळ्यात होती, मग कमरेला आली, मग थंडीतल्या एका सकाळी लिंबाच्या फांदीवर दिसली. दुसऱ्या दिवशी फांदीवर चार होत्या.

रस्त्यावरचा प्रसंग २०१७ च्या पावसाळ्यातला. मैदानात चिखल झाला होता म्हणून आम्ही डांबरी रस्त्यानं पळत होतो. मोटारसायकलवरचे दोघं आमच्या बरोबरीनं गाडी हळूहळू चालवायला लागले, गाणं लावून. मी मागं राहिले होते, शंभर पावलांवर. ओरडावं तर आवाज पोचेना. तेवढ्यात पुढची उंच मुलगी, जिची वेळ आमच्या सगळ्यांत कमी होती, ती थांबली. तिच्याबरोबर सगळ्या थांबल्या. ती गाडीकडं वळली आणि म्हणाली, “दादा, तुमचं हितं काय काम हाय?” एवढंच, नीट आवाजात. गाडीवाला काहीतरी पुटपुटला, गाणं बंद झालं आणि गाडी गेली. मी धापा टाकत पोचले आणि तिला म्हटलं, “घाबरली नाहीस? मला वाटलं तू जोरात पळशील.” ती म्हणाली, “पळता येतंय ना मॅडम, म्हणून तर थांबले.”

त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या मुलीला वाटतं की आपल्याला निसटता येणार नाही, ती आधीच मान खाली घालते. हिला ठाऊक होतं की मनात आणलं तर ती दोघांनाही बांधावरून मागं टाकील. ते ठाऊक असल्यामुळं तिला उभं राहता आलं.

स्पर्धांचं थोडक्यात सांगते. त्या वर्षीपासून तालुक्याला जायला लागलो, १७ वर्षांखालच्या गटात ८०० मीटरला उंच मुलगी तिसरी आली, पुढच्या वर्षी पहिली, जिल्ह्याला पाचवी. इतर शाळांच्या मुलींच्या पायांत स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट होते. आमच्या मुलींनी ते तिथं पहिल्यांदा बघितले, हातात घेऊन उलटे करून बघितले. दहावीत शिकत असताना उंच मुलीनं २ मिनिटं ५४ सेकंदांत ८०० मीटर काढले. तिचे वडील मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत जाणारे. जिल्ह्याच्या मैदानावर ते कुंपणाला धरून उभे होते, खांद्यावर घोंगडं. शेजारच्या अनोळखी माणसानं विचारलं, “कुठली पोरगी?” तर म्हणाले, “आमची. माणातनं पळत आली.” मी मागंच उभी होते. शब्द तोच होता.

एकदा सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसून मी त्यांना या ८०० मीटरचीच गोष्ट सांगितली. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळाल्या. जर्मनीची लीना राड्के पहिली आली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या, तर वर्तमानपत्रांनी छापलं की बायका कोसळल्या, त्यांना हे झेपत नाही. शर्यत बंद केली. ती परत सुरू झाली १९६० साली, रोमला. आमच्यातली हिशेबी मुलगी लगेच म्हणाली, “परत बत्तीसच वर्षं? उषानंतर ललिताताईपर्यंतबी बत्तीस.” आणि दुसरी म्हणाली, “मॅडम, आपले बापे नांगरून आल्यावर आडवे होतात की. त्यांची शेती कुणी बंद केली का?”

२०१८-१९ चा दुष्काळ हा आमच्या सरावाचा सगळ्यात अवघड काळ. जनावरं छावणीत, त्यांच्याबरोबर घरातलं निम्मं माणूस छावणीत, गावात टँकर. पळालं की घाम, घाम आला की आंघोळ आणि कपडे, म्हणजे दीड-दोन बादल्या पाणी. एक आई मला म्हणाली, “मॅडम, तिचं पळणं मला हंड्यात मोजावं लागतंय.” त्यावर मला काय उत्तर देता येणार होतं? आम्ही सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणला. मुलींनी पळायचा एकच जोड ठेवला, तो वाळवून वाळवून वापरला, ओल्या फडक्यानं अंग पुसून शाळेत बसल्या. टँकर सकाळी आला तर सराव सोडून सगळ्या हंडे घेऊन पळायच्या. एकीनं तेही वहीत लिहिलं होतं, वेळेच्या जागी, ‘टँकर’. त्या वर्षी मी कुणालाही गैरहजेरीबद्दल बोलले नाही, आणि वर्ष संपताना अकरापैकी नऊ जणी येत होत्या.

पळण्यानं सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. म्हणायला आवडलं असतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, मैदानाला कुलूप लागलं. त्या उन्हाळ्यात लग्नं उरकली गेली, वीस-पंचवीस माणसांत, मांडवाचा खर्च नाही, बोलवायचं कुणाला नाही. आमच्यातल्या हिशेबी मुलीनं वडिलांना सांगितलं की बारावी होईपर्यंत विषय काढू नका, नाहीतर मी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावीन. वडील माझ्याकडं भांडायला आले, मग बसले, मग पाणी पिऊन गेले. तिची बारावी झाली, पुढं ती भरतीतून पोलिसात गेली. तिच्या चाचणीतही ८०० मीटर होते.

पण उंच मुलगी तेव्हा अकरावीत होती, सतरा वर्षांची. तिचं लग्न झालेलं मला आठ दिवसांनी कळलं. कुंपणाला धरून उभ्या राहिलेल्या त्याच वडिलांनी ते लावून दिलं होतं. त्यांच्या मागं काय काय होतं ते मला ठाऊक आहे. मेंढरं विकावी लागली होती, धाकट्या दोन मुली होत्या. ठाऊक असूनही मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही. स्वतःशीही फार बरं बोलले नाही. मला वाटायचं, रस्त्यात वळून उभी राहणारी ही मुलगी घरात का उभी राहिली नाही? नंतर माझं मलाच कळलं की हा प्रश्न तिला विचारण्यात अन्याय आहे. मोटारसायकलवरच्या दोघांना ‘तुमचं काय काम’ म्हणता येतं. ज्यांनी खांद्यावरून जत्रा दाखवली, त्यांना तसं म्हणणं सतरा वर्षांच्या एकटीचं काम नव्हे. तिथं तिच्या शेजारी मोठ्या माणसांनी थांबायला हवं होतं, मी थांबायला हवं होतं. आता दहावी-अकरावीच्या सुट्टीतही मी दर आठवड्याला प्रत्येकीच्या घरी चक्कर टाकते, कारण काहीतरी काढते, पण जाते.

शाळा उघडल्यावर रेघ पुन्हा मारली. आता सव्वीस मुली येतात, सही मागायला मला घरोघर जावं लागत नाही. पाचवी-सहावीच्याही येतात, कारण मधे खंडच पडू द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. ‘पाचवीपर्यंत पळायचो’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. ५ मिनिटं ३८ वाली साताऱ्यात नर्सिंग शिकली. सुट्टीत आली की पहाटे मैदानावर येते आणि घड्याळ मागून घेते. शेवटून येणाऱ्या मुलीजवळ तीच जाऊन उभी राहते. वेळ मोठ्यानं सांगत नाही, फक्त घड्याळ पुढं धरते आणि लिहायला पेन देते.

यंदा उन्हाळ्यात दहिवडीच्या स्टँडवर मला मागून कुणीतरी ‘मॅडम’ म्हणून हाक मारली. उंच मुलगी. कडेवर मुलगी, दीड-दोन वर्षांची, हातात पिशवी. आम्ही दोघी काही वेळ नुसत्याच उभ्या राहिलो. मी विचारलं, बरी आहेस का? ती म्हणाली, बरी हाय. सासरचं गाव सांगितलं, डाळिंबाची बाग सांगितली, सासू चांगली आहे म्हणाली. मला पुढं काय बोलावं सुचेना. मग मी म्हटलं, “तुझी वही आहे अजून माझ्याकडं. पानं तशीच आहेत.”

ती म्हणाली, “दोन मिनिटं चोपन्न.”

मी मान हलवली. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, स्टँडच्या त्या टोकाकडं बघितलं. तिची गाडी फलाटावरून निघत होती. “येते मॅडम,” म्हणाली, पिशवी काखेत दाबली, मुलीचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि सबंध स्टँड बघत असताना गाडीमागं पळाली. कंडक्टरनं दार उघडलं.